टाकीत ४० लिटर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

मनालीहून लेहकडे निघालेल्या गाडीला लाहौल खोऱ्यात, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमापाशी, तांडी नावाचे गाव लागते. तेथील पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची पाटी वर्षानुवर्षे उभी आहे, आणि महाराष्ट्रातून गेलेली मंडळी त्या पाटीशेजारी फोटो काढून घेतल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाहीत. फोटो काढून झाला की चालकाच्या मनात हिशोब सुरू होतो. गाडी जुनी मारुती जिप्सी असेल तर टाकी ४० लिटरची. मालकाच्या सांगण्यानुसार गाडी लिटरला १० किलोमीटर देते. ४० गुणिले १० म्हणजे ४०० किलोमीटर. म्हणजे पोहोचलो, वर ३५ किलोमीटर शिल्लक. गुणाकारात चूक नाही. चूक आहे ती त्या ‘१०’ या आकड्यावर आणि त्या ‘४०’ या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवण्यात, आणि ती नेमकी कशी होते हे समजून घ्यायचे असेल तर जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी इंधन कुठे खर्च करते याच्या मुळाशी जावे लागते.

उदाहरणासाठी जिप्सीच घेऊ, कारण ती आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. १९८५ मध्ये ती ९७० सीसीच्या कार्ब्युरेटर इंजिनासह आली, नव्वदच्या दशकात तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले, २००० साली कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे सेन्सरच्या आधारे मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, आणि लष्कराला हजारोंच्या संख्येने गाड्या पुरवून झाल्यावर गेल्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. पुढे सांगितलेले बहुतेक सगळे महिंद्रच्या जुन्या जीपलाही लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगेनच.

ॲव्हरेज या मापाची गफलत

आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असतो, आणि उत्तर लिटरला इतके किलोमीटर असे मिळते. शहरातल्या लहान मोटारीसाठी हे माप सोयीचे आहे, पण जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ते फसवते. एखादी जीप लिटरला ६ किलोमीटर देत होती आणि दुरुस्तीनंतर ८ देऊ लागली, तर मालक म्हणतो, ‘एवढा खर्च करून दोनच किलोमीटर वाढले.’ शेजाऱ्याने १४ देणारी मोटार काढून २० देणारी घेतली, तर सगळ्यांना त्याचे कौतुक वाटते. आता प्रत्येकी १०० किलोमीटरचा हिशोब मांडून पाहा. जीपला आधी १६.७ लिटर लागत होते, आता १२.५ लागतात, म्हणजे ४.२ लिटर वाचले. शेजाऱ्याचे ७.१ लिटरवरून ५ लिटरवर आले, म्हणजे २.१ लिटर वाचले. ज्याचे दोनच किलोमीटर वाढले त्याची बचत दुप्पट आहे.

हीच गफलत सरासरी काढताना होते, आणि तिथे ती जास्त महागात पडते. १०० किलोमीटर डांबरी रस्ता लिटरला १२ च्या दराने आणि १०० किलोमीटर कच्चा रस्ता ६ च्या दराने कापला, तर पुष्कळ जण ९ चे ॲव्हरेज मिळाले असे धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याला ८.३ लिटर आणि दुसऱ्याला १६.७ लिटर, म्हणजे २०० किलोमीटरला २५ लिटर लागले, आणि खरे ॲव्हरेज ८ आले. ४० लिटरच्या टाकीवर ९ आणि ८ यांच्यातला फरक ४० किलोमीटरचा असतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना ‘लिटरला किती किलोमीटर’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या टप्प्याला किती लिटर’ असा विचार करण्याची सवय लावावी. मग टप्प्यांची बेरीज करता येते, ॲव्हरेजची कधीच करता येत नाही.

कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा इथे उपयोगी पडत नाही. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून उभ्या असलेल्या एआरएआय या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे नाव आपण मायलेजच्या आकड्याशी जोडतो, आणि ती चाचणी तिच्या जागी प्रामाणिकच असते. पण ती रोलरवर उभ्या असलेल्या गाडीवर, ठरावीक वेळापत्रकाने, ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाता घेतली जाते. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी ते ठीक आहे. पंचवीस वर्षांची, कॅरिअर लावलेली, टायर बदललेली गाडी लेहच्या वाटेवरच्या बारालाचा खिंडीच्या चढावर काय करील, हे ती चाचणी सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही.

इंधन जाते कुठे

एक लिटर निव्वळ पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे ३० च्या आसपास मेगाज्यूल हाती लागतात, म्हणजे सुरुवातच सहा-सात टक्क्यांच्या तुटीने होते. यातील बहुतेक उष्णता रेडिएटरवाटे आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. जुन्या पेट्रोल इंजिनाची जिप्सी सुमारे १८ टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तर लिटरमागे ५.४ मेगाज्यूल खऱ्या कामाला येतात.

सपाट रस्त्यावर हे काम दोन ठिकाणी होते. टायर दबत आणि उलगडत फिरतात त्याला ऊर्जा लागते, आणि समोरची हवा बाजूला सारायला ऊर्जा लागते. माणसे आणि सामान धरून जिप्सीचे वजन १,२०० किलो मानले, तर डांबरी रस्त्यावर टायरसाठी दर किलोमीटरला सुमारे ०.२१ मेगाज्यूल लागतात, आणि वेगानुसार त्यात फारसा फरक पडत नाही. हवेचे मात्र तसे नाही. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. जिप्सीचा आकार पत्र्याच्या पेटीसारखा आहे, समोरची काच जवळजवळ उभी आहे, आणि कापडी हूड असेल तर ते फडफडून आणखी अडथळा करते. अशा गाडीला ताशी ६० किलोमीटरला हवेसाठी किलोमीटरमागे सुमारे ०.१९ मेगाज्यूल लागतात, ८० ला ०.३४ आणि १०० ला ०.५३. दोन्हींची बेरीज करून ५.४ ने हिशोब केला, तर ६० च्या वेगाला लिटरमागे साडेतेरा, ८० ला पावणेदहा आणि १०० ला सव्वासात किलोमीटर मिळतात. प्रत्यक्षात ६० च्या वेगाला इंजिनावर ओझे कमी असल्याने ते थोडे आळशीपणाने जळते आणि साडेतेराऐवजी बारा मिळतात. पण आकड्यांचा कल अनुभवाशी जुळतो.

म्हणजे द्रुतगती मार्गावर १०० ऐवजी ८० ने गेल्यास १०० किलोमीटरमागे साडेतीन लिटर वाचतात आणि एका तासाऐवजी सव्वा तास लागतो. पंधरा मिनिटांत साडेतीन लिटर वाचवणारे दुसरे कोणतेही साधन या गाडीसाठी बाजारात नाही, मग ते प्लगच्या डबीवर काहीही लिहून विकले जात असो.

छतावरच्या कॅरिअरबद्दल याच संदर्भात बोलायला हवे. मालक सामानाचे वजन मोजतो आणि वजनाला घाबरतो. पण सपाट रस्त्यावर ५० किलो जास्तीच्या वजनाने टायरचा विरोध जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो, तर तेच ५० किलो छतावर ताडपत्रीत बांधले की हवेला आडवी येणारी भिंत वाढते आणि ८० च्या वेगाला त्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त मोजावी लागते. सामान आत, खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवावे. छतावर हलके आणि चपटे तेवढेच.

वजनाचा खरा फटका घाटात बसतो. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी सुमारे ५५० मीटर वर जाते. १,२०० किलो तेवढे उचलायला साधारण साडेसहा मेगाज्यूल लागतात, म्हणजे नेहमीच्या खर्चावर आणखी सुमारे एक लिटर. उतरताना यातले थोडे परत मिळते, कारण उतारावर इंजिनाला काम नसते. पण जेवढे ब्रेकमध्ये जळते तेवढे गेलेच. हा एक लिटर लक्षात ठेवा, कारण पुढे लडाखचा हिशोब त्याच्याच आधारे करायचा आहे.

ज्यामुळे गाडी चढते, त्यामुळेच ती पिते

जुन्या फोर बाय फोर गाडीच्या भुकेबद्दल तक्रार करताना एक गोष्ट विसरली जाते की, तिचे बहुतेक दोष हे तिच्या गुणांचीच दुसरी बाजू आहेत. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणाऱ्या दातेरी पेटीत, नेहमीच्या हाय रेंजलाही इंजिनाचा वेग साधारण १.४ पटीने उतरवूनच पुढे जातो, अवघड वाटेसाठीच्या लो रेंजला तर २.२७ पटीने. त्यामुळे एवढेसे इंजिन तेवढी मोठी गाडी दगडावरून खेचून नेते. आणि त्यामुळेच महामार्गावर पाचव्या गिअरमध्येही इंजिन गरजेपेक्षा जास्त फेरे मारत राहते. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन घासतात, तेल ढवळले जाते, आणि पेट्रोल इंजिनाचा घसा अर्धवट आवळलेला असल्याने त्याला हवा ओढून घ्यायलाही कष्ट पडतात. पुढचा ॲक्सल, त्याचे डिफरन्शियल आणि शाफ्ट हे सगळे गरज नसतानाही सोबत फिरत असतील तर आणखी. ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब, म्हणजे चाक ॲक्सलपासून सोडवता येणारे हब आहेत, त्यांनी डांबरी रस्त्यावर आल्यावर ते सोडवून घ्यावेत. अनेकांच्या गाडीत ते गंजून एकाच जागी अडकलेले असतात आणि मालकाला वर्षानुवर्षे पत्ता नसतो.

लो रेंजमध्ये गेल्यावर तर किलोमीटर हे मापच निरर्थक होते. दगडधोंड्यांतून ताशी ६ किलोमीटरने रांगणारी गाडी तासाला समजा अडीच लिटर जाळत असेल, तर लिटरला २.४ किलोमीटर पडले. त्यात थांबणे, उतरून वाट बघणे, मागे घेणे, दुसऱ्याची अडकलेली गाडी ओढणे हे सगळे इंजिन चालू ठेवून होते. अशा ठिकाणी ट्रॅक्टरवाल्यांप्रमाणे तासाला किती लिटर याच भाषेत बोलावे. राजस्थानच्या वाळूत हिशोब आणखी वेगळा. सैल वाळूत टायरचा विरोध डांबराच्या दहापटीहून अधिक होऊ शकतो आणि लिटरला दोन-अडीच किलोमीटरच हाती लागतात. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयवर आणली की टायर वाळूवर पसरतो, रुतत नाही आणि इंधनही वाचते. मात्र त्याच हवेवर डांबरी रस्त्यावर वेगाने जाणे हे इंधनाच्याच नव्हे तर जिवाच्याही दृष्टीने वाईट. हवेचा छोटा पंप सोबत नसेल तर हवा काढू नये.

डिझेलवाल्यांसाठी थोडेसे

महिंद्रच्या ज्या जीपमध्ये एक्सडीपी ४.९० हे इंजिन आहे, त्यांचे मालक जिप्सीवाल्यांकडे जरा दयेने पाहतात, आणि निदान पल्ल्याच्या बाबतीत तो अधिकार त्यांना आहे. प्यूजोच्या सहकार्याने इगतपुरीच्या कारखान्यात बनलेले हे २,११२ सीसीचे इंजिन. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. जुन्या इंजिनांची नावे अशी सरळ असत. डिझेलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण बारा टक्के जास्त ऊर्जा असते हा एक फायदा, आणि त्यावर इथेनॉलमिश्रित पेट्रोलची तूट धरली तर अंतर आणखी वाढते. पण मोठा फायदा वेगळाच आहे. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत आवळणारी झडप नसते. वेग आणि ताकद फक्त डिझेलच्या मात्रेने ठरते. त्यामुळे हलक्या ओझ्याला, रांगताना किंवा नुसते चालू उभे असताना ते पेट्रोल इंजिनापेक्षा फारच कमी पिते, आणि ऑफ-रोडला गाडीचा बहुतेक वेळ याच अवस्थेत जातो. एक्सडीपीमध्ये डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटते आणि मग सिलिंडरमध्ये पसरते. या कप्प्याच्या भिंतींत उष्णता वाया जाते. नंतरच्या एमडीआय इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, म्हणून तेवढ्याच कामाला ते एक्सडीपीपेक्षा कमी डिझेल घेते. आवाज मात्र त्याचा जास्त, शेजाऱ्यांना विचारा.

मोठे टायर आणि खोटे बोलणारे मीटर

जिप्सीला कंपनीचे २०५/७० आर १५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर १५ बसवणे हा जवळजवळ संस्कारच झाला आहे. पहिल्या टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३३. फरक सुमारे दहा टक्क्यांचा. किलोमीटर मोजणारे मीटर चाकाच्या फेऱ्या मोजते, रस्ता मोजत नाही. त्यामुळे टायर बदलल्यावर गाडी प्रत्यक्षात ११० किलोमीटर गेली तरी मीटर १०० च दाखवते. मालक टाकी भरतो, भागाकार करतो आणि ॲव्हरेज दहावरून आठावर आले म्हणून हळहळतो. त्यातले जवळपास एक किलोमीटर मीटरने खाल्लेले असते आणि दुसरे टायरने. जड टायर, खोल नक्षीचे मड टेरेन टायर आणि रुंद पट्टा यांमुळे विरोध खरोखर वाढतो, पण जेवढा दिसतो तेवढा नाही.

हा दोष त्यातल्या त्यात बरा, कारण मीटरवरून काढलेले ॲव्हरेज नकाशातल्या अंतराला लावले तर चूक सुरक्षित बाजूला होते. उलटा प्रकार धोक्याचा. झिजलेले किंवा मूळ मापापेक्षा लहान टायर असतील तर मीटर जास्त किलोमीटर दाखवते, ॲव्हरेज आहे त्यापेक्षा चांगले भासते, आणि त्या विश्वासावर माणूस पंप सोडून पुढे जातो. उपाय साधा आहे. मोबाइलवर जीपीएस लावून मोकळ्या रस्त्यावर ५० किलोमीटर जावे, मीटरशी तुलना करावी आणि तो गुणक काचेच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवावा. त्यानंतर एकाच पंपावर, एकाच नोझलने, आपोआप कट-ऑफ होईपर्यंत टाकी भरून तीन टाक्यांचा हिशोब करावा. एका टाकीवरून काढलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण कट-ऑफ एक-दीड लिटर मागेपुढे होऊ शकतो.

उंचीवरचा कार्ब्युरेटर

पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली येते. हवा विरळ म्हणजे इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात कमी. ६० अश्वशक्तीची जिप्सी टांगलांग ला खिंडीत, ५,३२८ मीटरवर, जेमतेम ३५ अश्वशक्तीची उरते. चालक खालचा गिअर टाकतो, इंजिन जास्त फिरते, इंधन जास्त जाते. एमपीएफआयचे गणित इथे संपते, कारण तिथे सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि तेवढेच पेट्रोल सोडतो.

कार्ब्युरेटरला असे काही कळत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जोराने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल वर ओढले जाते. पण ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलची मात्रा हवेच्या वजनाच्या प्रमाणात घटत नाही, तर घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. साडेचार हजार मीटरवर हवा सुमारे ६३ टक्के उरते, पेट्रोल मात्र जवळपास ८० टक्के येत राहते. हवेच्या मानाने पेट्रोल पाव हिश्श्याने जास्त झाले. ते पुरते जळत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो, प्लग काळे होतात, आणि खर्च १५ ते २० टक्क्यांनी वाढतो. त्यावर लहान मापाचा मेन जेट बसवणे हा जुना, खात्रीचा उपाय आहे. मात्र खाली उतरल्यावर तो न विसरता परत बदलावा लागतो, कारण मैदानात तोच जेट इंजिनाला कोरडे, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालवतो आणि तापवतो. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मैदानात नेमका असाच कोरडेपणा आणते, आणि शिवाय जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब करू शकते. पंचवीस वर्षांच्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या प्रवासाआधी बदलणे म्हणजे फक्त ॲव्हरेजचा नव्हे, आगीचाही विचार करणे आहे.

मैदानातल्या बाकी गळती नेहमीच्याच आहेत: तुंबलेला एअर फिल्टर, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, ड्रमला घासत राहणारे ब्रेक शू, प्लगच्या ठिणगीचा मागे पडलेला टायमिंग. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एका माणसाने ढकलून पाहावी. ती सहज हलत नसेल तर पैसा कार्ब्युरेटरवर नव्हे, ब्रेकवर आणि बेअरिंगवर खर्च करावा.

टाकीतले सगळे पेट्रोल आपले नसते

आता त्या ‘४०’ कडे येऊ. टाकीतली नळी तळाला टेकलेली नसते, तळाशी वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ असतो, आणि तीव्र चढावर किंवा गाडी एका बाजूला कललेली असताना पेट्रोल नळीपासून दूर सरकते. दोन-तीन लिटर नाहीतच असे धरून चालावे. काट्यावर विसंबू नये. जुन्या गाडीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची दांडी आणि टाकीचा आकार यांचा मेळ नसल्याने पहिली अर्धी टाकी सावकाश आणि दुसरी अर्धी धावत संपते, हे बहुतेक मालकांना स्वतःच्या अनुभवाने माहीत असते.

पल्ल्याचा हा विचार या गाड्यांच्या जन्मापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची टाकी १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ५७ लिटरची होती आणि तिचा पल्ला ३०० मैल, म्हणजे ४८० किलोमीटर धरला जाई. भागाकार केला तर लिटरला साडेआठ किलोमीटर येतात. त्याहून अधिकची सोय म्हणून मागे एक २० लिटरचा डबा टांगलेला असे. हा डबा मूळ जर्मन सैन्याचा. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो जेरी कॅन झाला, आणि दोस्त राष्ट्रांनी तो उचलला.

आपल्याकडे असा डबा बाळगताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, मात्र ते घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात असावे लागते. पाण्याचा प्लास्टिकचा कॅन त्यात बसत नाही, आणि पंपवाला त्याला नकार देतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. दुसरे म्हणजे, जादा टाकी बसवून घेणे हा गाडीतला बदल ठरतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्याची परवानगी व नोंद आरटीओकडे हवी. भरलेला २० लिटरचा डबा वीस किलोच्या आतबाहेर भरतो, म्हणजे इंधनाच्या दृष्टीने तो जवळजवळ फुकट आहे. फक्त तो छतावर किंवा माणसे बसतात त्या जागी नसावा, आणि काठोकाठ भरलेला नसावा.

तांडीहून लेहपर्यंत

आता पाटीसमोरचा हिशोब पुन्हा मांडू. गाडी पूर्ण भरलेली, १,४०० किलोची. वेग ताशी ४५ च्या आसपास आणि हवा विरळ, त्यामुळे हवेचा विरोध कमी. रस्ता खडबडीत, त्यामुळे टायरचा विरोध जास्त. दोन्ही मिळून किलोमीटरला सुमारे ०.३७ मेगाज्यूल, म्हणजे ३६५ किलोमीटरला १३५. चढ पाहू. तांडीपासून बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड), मग सरचूला उतार, गाटा लूप्सची २१ वळणे चढून नकी ला, पुढे लाचुंग ला, पांगला उतार आणि शेवटी टांगलांग ला, अशी सगळ्या चढांची बेरीज निदान साडेतीन हजार मीटर तरी होते. तेवढ्यासाठी ४८ मेगाज्यूल लागतात. उतारांवर त्यातले निम्मे वाचते असे उदारपणे धरू, म्हणजे २४ उरतात. एकूण १५९. या उंचीवर आणि खालच्या गिअरमध्ये लिटरमागे ५.४ ऐवजी ५.१ मेगाज्यूल कामाला येतात असे मानले, तर ३१ लिटर होतात. सकाळी थंडीत इंजिन तापवणे, रस्ताकामामुळे खोळंबणे आणि नाल्यांतून वाट काढणे यांसाठी चार लिटर धरा. झाले ३५.

एमपीएफआय जिप्सीच्या टाकीतले वापरता येण्याजोगे पेट्रोल ३७ लिटर आहे. ती पोहोचते, पण दोन लिटर शिल्लक ठेवून, आणि एखाद्या नाल्यापाशी पूल वाहून गेल्यामुळे मागे फिरावे लागले नाही तरच. कार्ब्युरेटरच्या जिप्सीला त्या ३१ वर १५ टक्के वाढवले तर ३५.७ आणि वरचे चार मिळून जवळपास ४० लिटर लागतात. तिची टाकी लेहच्या आधीच संपते. लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे कारू येथे पंप आहे, तेवढे अंतर वजा केले तरी ती तिथवर काट्याच्या शेवटच्या रेघेवरच येईल. तिच्या मालकाने तांडीला टाकी कट-ऑफपर्यंत भरावी, धातूच्या डब्यात वेगळे १८ लिटर घ्यावे, आणि ते टाकीत ओतण्यासाठी पांगच्या आधीची, वाऱ्याला पाठ करता येईल अशी सपाट जागा निवडावी. गाडी बंद करून, इंजिन थोडे निवल्यावर.